बाराव्या खुर्चीवरचा गुरव

शंभू गुरवाने चाळीस वर्षं देवाला आंघोळ घातली आणि त्या चाळीस वर्षांत देवाला स्वतःसाठी एकही प्रश्न विचारला नाही. कामाची अटच तशी होती. बोरटेकच्या भैरवनाथाला कौल लावायचा तो गुरवाने, आणि लावायचा तो गावासाठी. विहिरीला पाणी लागेल का, पोरगी ह्या घरात द्यावी का, आणि अलीकडे, बिल्डरच्या कागदावर सही करावी का. देवाच्या छातीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न मोठ्याने म्हणायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाभाऱ्याचं दार इतकं बुटकं आहे की कुठली कळी पडली ते आत बसलेल्या गुरवाशिवाय कोणालाच दिसत नाही. तो वाकून बाहेर येतो आणि सांगतो, ते देवाचं म्हणणं.

ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण तिची एक युक्ती होती. होकार हवा असेल तर उजवी कळी देठाकडून, कमी पाण्यात, नुसती टेकवायची आणि डावी पाकळ्यांकडून, चांगली भिजवून. शंभूला हे त्याच्या बापाने बाराव्या वर्षी शिकवलं. त्यात फसवणूक आहे असं बापाला वाटत नसे. विहीर खणायची म्हणून गाव कुदळी घेऊनच आलेलं असतं, तिथे देवाला उगाच उलटं बोलायला लावून काय साधायचं?

शंभूला मात्र उतारवयात हे खुपायला लागलं. चाळीस वर्षं देवाच्या तोंडून आपणच बोलतो आहोत, तर मग देव बोलला कधी? आणि आपण एकदा गप्प बसलो तर तो बोलेल का? हा प्रश्न त्याने बायकोला, अनसूयेला, विचारला. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुमी गप बसून तर बघा. देवाचं पुढं बघू, मला तरी बरं वाटंल."

बोरटेक पौड रस्त्याला भुकूम सोडल्यावर आत वळलं की लागतं. अर्ध्या गावाने जमिनी विकल्या, उरलेल्या अर्ध्याने शिल्लक जमिनीवर खोल्या बांधून भाड्याने दिल्या. गुरवांची घरं दोनच, शंभूचं आणि चुलतभाऊ कैलासचं. एक वर्ष ह्याची पाळी, एक वर्ष त्याची, आणि पाडव्याला गाभाऱ्याची किल्ली बदलायची. प्रत्यक्षात किल्ली शंभूच्याच खुंटीला असायची. कैलास हिंजवडीच्या कंपनीची गाडी चालवायचा, आणि कंपनीच्या शिफ्टचं आणि देवाच्या आंघोळीचं कधी जमलं नाही. स्वतःच्या पाळीच्या वर्षी तो यात्रेला फेटा बांधून पालखीजवळ उभा राहायचा. फेटा तो उत्तम बांधायचा.

देवळापासून दोन शेतं टाकून वाल्मीक अण्णांचं पत्र्याचं शेड आहे. वाल्मीक अण्णा म्हणजे गावातलं मोठं घर, यात्रा कमिटीचे अध्यक्ष. शेडात आधी कोंबड्या होत्या. एका साथीत त्या गेल्या, आणि अण्णांनी शेडाला चुना मारून ते ख्रिस्ती लोकांना रविवारच्या प्रार्थनेसाठी भाड्याने दिलं. जांब्या-मारुंजीत खोल्या करून राहणारे केरळचे इंजिनिअर, झारखंडचे वेल्डर, दवाखान्यातल्या नर्स, नगरकडची दोन कुटुंबं, असे पन्नाससाठजण येत. कोंबड्यांचा वास दोन वर्षं गेला नाही. मंडळीही गेली नाहीत.

त्यांचे धर्मगुरू फादर याकोब साळवे, राहुरीकडचे. तीन वर्षांपूर्वी ते शंभूच्या दारात आले ते शिंदीच्या फांद्या मागायला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी त्यांच्यात हातात झावळ्या घेऊन चालतात. पान पुरवणं हा गुरवाचा धंदाच, मग ते बेलाचं असो की पत्रावळीचं. शंभूने पन्नास फांद्या कापल्या, डोक्यावरून शेडापर्यंत नेल्या आणि दारातून आत डोकावला. समोरच्या भिंतीवर क्रूसाला खिळलेला लाकडी येशू होता. शंभूने त्याच्याकडे बराच वेळ, धंद्यातल्या माणसाच्या नजरेने पाहिलं.

"ह्यांना आंगुळ कवा घालता?"

"घालत नाही," फादर म्हणाले.

"कदीच?"

"लाकडाची मूर्ती आहे, शंभूराव. भिजवली तर फुगेल. शनिवारी फडकं मारतो."

शंभूच्या दृष्टीने बाब गंभीर होती.

"आन् बोलत्यात का? काय इचारलं तर?"

फादर सेमिनरीत बरीच वर्षं शिकलेले होते. ते सगळं शिक्षण गोळा करून त्यांनी उत्तर दिलं, "बहुतेक वेळा गप्पच असतात."

"मंग त्यांचं म्हननं तुमाला कसं कळतं?"

"बहुतेक वेळा मलाही नाही कळत."

शंभूला हा माणूस आवडला. देवाच्या कामावरच्या कुठल्याच माणसाने आजवर हे कबूल केलेलं त्याने ऐकलं नव्हतं. त्यात तो स्वतःही आला.

तेव्हापासून रविवारी सकाळची पूजा आटोपली की शंभू शेडाच्या बाहेर, कोंबड्यांचं खाद्य ठेवायच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायचा. आत जायचा नाही. तिथे काय ऐकता, असं अनसूयेने एकदा विचारलं.

"ऐकत न्हाई. मदी मदी समदी गप बसत्यात, त्ये बघतुया. आपल्या देवळात कोन गप बसतंय?"

"गप बसायला दोन शेतं चालत कशाला जायाला लागतंय?"

पुढच्या रविवारी तो पुन्हा दोन शेतं चालत गेला.

वर्षभर पायरीवर बसल्यानंतर त्याने फादरना विचारलं, की मला आत घेता का. फादरचा चेहरा पडला. दिवस असे होते, की फादर एखाद्या अनोळखी माणसाला पाण्याचा पेला देतानाही आधी इकडेतिकडे बघत. कोणी फोटो काढला तर त्या पाण्याला काय म्हणतील ह्याचा नेम नव्हता.

"शंभूराव, मी या म्हटलं तर उद्या गाव म्हणेल, फादरने पुजारी फोडला. शेड जाईल, ह्या पोरांना प्रार्थनेला जागा राहणार नाही. आणि येऊ नका म्हटलं तर वर काय तोंड दाखवू?"

"मंग मी पायरीवर बसतो."

"बसा," फादर सुटकेने म्हणाले. "पायरी वाल्मीक अण्णांची आहे."

असा दोन देवळांच्या मधला मार्ग निघाला आणि दोन वर्षं सुरळीत चालला. गावाला दिसत होतं, पण पायरीवर बसलेला माणूस पायरीवर बसलाय एवढंच म्हणता येतं.

यंदा ईस्टरच्या आधीचा गुरुवार आणि चैत्री पौर्णिमा एकाच दिवशी आली. शंभू पहाटेपासून उभा होता. मारुतीचा जन्म, मग भैरवनाथ, मग दिवसभर माणसं. त्याचा उजवा गुडघा दुपारीच बोलायला लागला होता. तरी संध्याकाळचा दिवा लावून तो पत्रावळींचा गठ्ठा घेऊन शेडाकडे निघाला, कारण फादरनी सांगून ठेवलं होतं: गुरुवारी प्रार्थनेनंतर सगळे मिळून जेवणार आहोत, साठ पत्रावळी लागतील.

शेडात पुढच्या बाजूला बारा खुर्च्या एका ओळीत मांडल्या होत्या. अकरांवर माणसं बसली होती, चपला काढून. शेजारी पाण्याचा जग, घंगाळासारखं पसरट भांडं आणि घडी घातलेला टॉवेल. बारावी खुर्ची रिकामी होती. ती जांब्याच्या एका इंजिनिअरची होती. तो हिंजवडीच्या चौकात गाडीत बसून 'दहा मिनिटांत पोचतो' असा निरोप तिसऱ्यांदा पाठवत होता.

येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या बारा शिष्यांचे पाय स्वतः धुतले, आणि त्याची आठवण म्हणून त्या गुरुवारी फादर बाराजणांचे पाय धुतात. हे शंभूला माहीत असायचं कारण नव्हतं. तो फक्त रविवारचा. त्याला दिसली ती पंगत. पत्रावळी आपणच आणलेल्या, हात धुवायला पाणी तयार, माणसं ओळीने बसलेली आणि एक जागा रिकामी. बोरटेकच्या रिवाजाप्रमाणे पंगतीत माणूस कमी पडला तर गुरवाला हाक मारतात, कारण मांडलेली जागा रिकामी ठेवत नाहीत. शंभू आयुष्यभरात किती पितरांच्या आणि किती रुसलेल्या जावयांच्या जागी जेवायला बसला होता, त्याची मोजदाद नाही. इथे कोणी हाक मारली नाही, पण परक्यांना आपला रिवाज कुठून ठाऊक असणार? शिवाय गुडघा. तो आत गेला, वहाणा काढल्या आणि बाराव्या खुर्चीवर बसला.

दोन वर्षं ज्याला आत घ्यायला फादर धजावले नव्हते, तो असा पंगतीच्या रिवाजाने आत आला.

फादर पहिल्या माणसापाशी गुडघ्यावर बसले होते. ते एकेक खुर्ची सरकत बाराव्यापाशी आले, नजर वर केली आणि थांबले. मागे नर्स गात होत्या. गाणं संपायला आलं, तसं त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. फादरच्या हातातला जग तिरका झाला होता आणि पाणी पडत नव्हतं. ह्या माणसाला ओलांडून उठावं, तर साठ माणसांच्या देखत त्याला पानावरून उठवल्यासारखं. धुवावेत, तर पुढचं सगळं त्यांना आत्ताच दिसत होतं.

शंभूला एव्हाना कळलं होतं की ही पंगत नव्हे. त्याने पाय मागे ओढले.

"अवो, माजं नगा. माजं लई घान हायेत."

"राहू द्या," फादर हळू म्हणाले.

त्या पायांना टाचेपासून भेगा होत्या आणि भेगांत चाळीस वर्षांचं तेल, शेंदूर आणि हळद बसलेली. फादरच्या हाताला कंप होता. त्यांनी एक पाय धुतला, दुसरा धुतला, दोन्ही टॉवेलाने बोटांच्या मधून पुसले, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे वाकून पायाला ओठ लावले. टॉवेलावर शेंदूर उतरला.

शंभू नुसता बसून राहिला. त्याने आजवर हजारो वेळा देवाचे पाय धुतले होते. त्याचे कोणी धुतले नव्हते. लग्नातसुद्धा सासरा दम्याने अंथरुणाला खिळलेला म्हणून तो विधी राहूनच गेला होता.

त्याच वेळी कैलास खिडकीत उभा होता. देवळातल्या समईचं तेल संपलं आणि तेलाच्या कपाटाची किल्ली शंभूकडे, म्हणून तो शोधत आला होता. त्याने फोटो काढला आणि यात्रा कमिटीच्या ग्रुपवर टाकला. का टाकला, हे त्याला नंतर अनेकांनी विचारलं. त्याला धड सांगता आलं नाही. फोन हातात होता, एवढंच खरं. फोटोखाली त्याने काही लिहिलं नाही. न लिहिलेल्या फोटोत ज्याला जे वाचायचं ते वाचता येतं, आणि शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळेपर्यंत गावाने तो वाचून काढला होता.

पियूष हा सत्तावीस वर्षांचा तरुण प्लॉटिंगचा धंदा करतो आणि उरलेल्या वेळात धर्म सांभाळतो. त्याने ग्रुपवर लिहिलं, की आठ दिवसांवर यात्रा, पाळीचा गुरव बाटलेला, देवाला हात कोण लावणार? आणि त्याखाली, शेडाला शनिवारी कुलूप. शुक्रवारी दुपारी येशूच्या मरणाची प्रार्थना चालू असताना आठदहा मोटरसायकली शेडाभोवती सावकाश फिरल्या. पौडहून आलेले दोन हवालदार आंब्याखाली उभे राहून त्यांच्याकडे बघत होते आणि मोटरसायकलवाले हवालदारांकडे. मग पत्र्यावर एक दगड पडला. एकच. पत्र्याच्या शेडात एक पुरतो. आतली माणसं त्या दिवशी गप्प बसायची तशी गप्पच बसली होती, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू आला. त्या दिवशीही पायरीवर येऊन बसलेल्या शंभूलाही.

संध्याकाळी अनसूयेने दाराला आतून कडी घातली. दिवसभरात तिच्याकडे ना कोणी विरजण मागायला आलं होतं, ना कोणी उसना बेल.

"पाळी गेली तर काय करनार?" तिने विचारलं.

"ठावं न्हाई."

"दुसरं काय येतंय का तुमाला?"

"न्हाई."

खरंच येत नव्हतं. पहाटे चारला उठणं, पाणी तापवणं, देवाच्या वस्त्राची कोणती घडी कुठे मोडते आणि मुखवटा कोणत्या बाजूने आधी टेकवायचा, एवढंच त्याचं ज्ञान होतं, आणि ते त्या एका गाभाऱ्याबाहेर कुठे चालणारं नव्हतं.

शनिवारी सकाळी नऊला देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. वाल्मीक अण्णा मध्ये. त्यांची अडचण दुहेरी होती. शेड त्यांचं, यात्राही त्यांची. शेडाला कुलूप लागलं तर ते त्यांच्याच मालमत्तेला लागणार. म्हणून ते शेडाचा विषय निघाला की शंभूकडे वळायचे.

"शंभू, तू सांग. तू त्यांच्यात गेलास का?"

"खुर्चीवर बसलो. पंगत वाटली."

"फोटो काय सांगतोय?" पियूष म्हणाला.

तेव्हा रंभाबाईंनी फोटो मागितला. रंभाबाई गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, यात्रेतली पहिली ओटी त्यांची. त्यांनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"ह्यो पांढऱ्या झग्याचा खाली बसलाय. आन् आपला शंभू खुर्चीत. पाया कोन कुनाच्या पडलंय?"

"पाद्री पडलाय, आजी."

"मंग बाटला कोन?"

हा मुद्दा कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

"आजी, तसं नसतं," पियूष म्हणाला.

"कसं आसतं मंग? लग्नात जावयाचं पाय धुत्यात. जावई बाटतो व्हय?"

"बाटतोच की," मागून कोणीतरी म्हणालं. "आमचा बगा, सासरचाच झाला."

हशा झाला. वाल्मीक अण्णासुद्धा हसले. पियूष हसला नाही. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "पर ह्यो साळवे मूळचा कुटला, मंजी..." आणि तो थांबला. हा प्रश्न कायद्यात बसत नसल्यामुळे तो कोणी पूर्ण केला नाही. पण तो मंडपात बसून राहिला, आणि हशा संपला.

"दगड पत्र्यावर पडलाय," पियूष म्हणाला. "मी थांबवलीत पोरं. आज निकाल न्हाई लागला तर माझ्या हातात न्हाई."

वाल्मीक अण्णांनी वाट काढली. "आपण कोन ठरवनारं? देवालाच इचारू. कौल लावा."

सगळ्यांना हायसं वाटलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की कौल लावणार कोण? सगळे कैलासकडे बघायला लागले. कैलास फरशीकडे बघायला लागला.

"माजी पाळी न्हाई यंदा. पाळी नसताना हात लावला तर मलाच दोष. आन् मी लावलाय कवा?"

"आपला कौल आपुन लावायचा न्हाई," रंभाबाई म्हणाल्या. "त्याच्या बापानं कदी लावला न्हाई."

"ह्यो त्याचा न्हाई," अण्णा म्हणाले. "ह्यो गावाचा कौल हाय. शंभूबद्दल हाय, येवढंच." अण्णांनी बऱ्याच कमिट्यांवर काम केलेलं आहे.

प्रश्न पियूषने घालून दिला: शंभूच्या हातची सेवा तुला चालती का? उजवी पडली तर चालते, डावी पडली तर आजच किल्ली द्यायची. शंभू उठला. अनसूया बायकांतून पुढे झाली आणि तिने मोगऱ्याच्या कळ्यांचं तबक त्याच्या हातात दिलं. देताना ओठ न हलवता म्हणाली, "उजवी देठाकडनं."

म्हणजे तिला माहीत होतं. पस्तीस वर्षं संसार केल्यावर बायकोला माहीत नाही असं काय राहतं, पण ती आजवर बोलली नव्हती.

शंभूने पाय धुतले आणि वाकून गाभाऱ्यात गेला. आत समई, तेलाचा धूर आणि भैरवनाथाचे चांदीचे डोळे. त्याने दोन सारख्या कळ्या निवडल्या. एकाच पाण्यात, सारख्याच बुडवल्या. दोन्ही पाकळ्यांकडून, सारख्याच दाबाने देवाच्या छातीवर टेकवल्या. त्याचा हात कापत होता. हा कंप त्याने गुरुवारी दुसऱ्याच्या हाताला पाहिला होता. मग त्याने गावाचा प्रश्न मोठ्याने विचारला. स्वतःचा मनात विचारला, आणि मांडी घालून बसला.

कौल लवकर पडत नाही. बाहेर दहा मिनिटं शांततेत गेली. मग कोणाचा तरी फोन वाजला. यात्रेतल्या पाळण्यावाल्याचा होता, जागा किती लागेल ते विचारत होता. पियूष मोबाइल गाभाऱ्याच्या दाराकडे धरून चित्रीकरण करत होता, त्यात अंधाराशिवाय काही येत नव्हतं. वीस मिनिटं झाली. एक बाई म्हणाली, देव विचारात पडलाय. कोणी हसलं नाही. अनसूया खांबाला टेकून उभी होती. उजवी देठाकडून लावली असती तर एव्हाना पडायला हवी होती, हे तिला कळत होतं.

आत, शंभूच्या डोळ्यांसमोर, डावी कळी किंचित सरकली, थांबली आणि पडली.

उजवी जागच्या जागी होती. दाराकडे त्याची पाठ होती. डावी उचलून परत लावायला आणि उजवीला करंगळी लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गावाचं समाधान होणार होतं, शेड वाचणार होतं आणि पहाटेचं पाणी तापणार होतं. चाळीस वर्षांत ही करंगळी त्याने कितीदा तरी वापरली होती.

तो वाकून बाहेर आला. "डावी," म्हणाला.

पियूषच्या हातातला मोबाइल आपोआप खाली आला.

"नीट बगितलंस का?" वाल्मीक अण्णांनी विचारलं.

"बगितलं."

"वारं आलं आसंल."

"गाभाऱ्यात वारं कुटनं?"

"पुन्यांदा लावून बगू की," अण्णा म्हणाले. आठ दिवसांवरची यात्रा आणि कैलास, हे दोन्ही एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावेत.

"देवाला दोनदा इचारत न्हाईत," रंभाबाई म्हणाल्या.

पियूष जिंकला होता. पण गुरव आपल्याविरुद्धचा निकाल आपल्याच तोंडाने सांगेल ह्याची त्याने तयारी केलेली नव्हती. आता ह्या माणसाला खोटा म्हणावं तर कौल खोटा. तो जरा घुटमळला आणि पोरांना म्हणाला, "झालं मग. चला." शेडाचं नाव कोणी काढलं नाही. शंभूने किल्ली कैलासपुढे फरशीवर ठेवली. कैलासचा चेहरा लांबच्या डेपोत बदली झालेल्या ड्रायव्हरसारखा झाला.

घरी आल्यावर अनसूया भांडी आदळत राहिली. मग थांबली.

"उजवी देठाकडनं लावायला काय झालं हुतं?"

"दोनी सारकीच लावली."

"का?"

"एकदा बगायचं हुतं. मी न बोलता त्यो बोलतो का."

"मंग?"

"बोलला."

"काय बोलला? घरी बस म्हनला."

"व्हय," शंभू म्हणाला. "पर बोलला तर."

अनसूया त्याच्याकडे बघत राहिली. तिला रडावं की ह्याला झोडपावं ते ठरवता येईना, म्हणून तिने भात वाढला.

रविवारी शंभूला पहाटे चारला जाग आली. उठायचं काहीच कारण नव्हतं. तो उजाडेपर्यंत अंगणात बसला आणि मग शेडाकडे गेला. ईस्टर होता. नर्सांनी दाराला पताका लावल्या होत्या, पत्र्याला दगडाने पडलेला पोचा तसाच होता. फादर दारात उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं.

"शंभूराव, माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळं न्हाई. कळी माजी मीच लावली."

मग फादरनी ह्या वेळी इकडेतिकडे न बघता म्हटलं, "आत या."

"आता न्हाई येत," शंभू म्हणाला. "आता आलो तर म्हनत्याल, तितनं हाकलला म्हनून हितं आला. तुमाला बी वाईट, आन् आमच्या देवाला बी." आणि तो पायरीवर बसला.

आत गाणं सुरू झालं तेवढ्यात कैलास शेतातून धावत आला. कमरेला ओलं सोवळं, पायांत रबरी चप्पल, अंगभर तेल.

"दादा, चल लवकर. पाचपासनं आत हाय मी. मुखवटा बसंना. दोनदा हातातनं निसटला. लोकं यायला लागलीत आन् देव उघडा हाय."

"माजा हात चालत न्हाई. तूच ऐकलंस."

"हात नगं लावू. नुस्तं सांग."

शंभू उठला. गुडघा धरून, सावकाश. देवळात पाचसहा माणसं खोळंबली होती, पुढे रंभाबाई नारळ घेऊन. सगळी बाजूला झाली. शंभू गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी थांबला. कैलासने चपला भिरकावल्या, तांब्यातलं पाणी लांबूनच पायांवर उडवलं आणि आत शिरायला वाकला.

"थांब. आसं जायाचं न्हाई. टाचा कोरड्याच हायेत."

"ऱ्हाऊ दे की आता."

शंभूने तांब्या घेतला. एक हात भिंतीला टेकवून तो खाली बसला, बसताना तोंडातून आवाज निघाला. त्याने कैलासचा उजवा पाय हातात घेतला आणि पाणी ओतलं. शेतातली माती बोटांच्या मधे बसली होती; ती त्याने अंगठ्याने काढली. कैलास भिंतीला धरून एका पायावर उभा, मान वळवून.

"दादा, त्यो फोटो मी..."

"टाच फिरव."

कैलासने टाच फिरवली. दुसरा पायही धुऊन झाला. शंभूने खांद्यावरचा पंचा काढून दोन्ही पुसले. खोळंबलेली माणसं बघत होती, पण कोणाचा फोन बाहेर निघाला नाही. ह्यात कोण बाटलं, असं रंभाबाईंनी विचारलं नाही. त्यांना नारळाला उशीर होत होता.

कैलास आत गेला. मुखवटा उचलल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

"कापतोय हात," आतून तो म्हणाला.

"कापू दे. डाव्या कानाकडनं आदी टेकव," उंबऱ्याबाहेरून शंभू सांगत होता. "दोनी हातांनी. आन् घाबरू नगं. त्यो काय रोज बोलत न्हाई."